नारळीकरांच्या विज्ञानकथा घेऊन घरी १४ आठवडे: आमचा अनुभव

लेक १२ वर्षांची आहे, तिसरीपासून घरीच शिकते. गेल्या जूनमध्ये तिने स्वतःहून सांगितलं की आई, मला सायन्स फिक्शन शिकायचंय, नुसतं वाचायचं नाही, ते लोक अशा गोष्टी लिहितात कशा ते कळायला हवंय. मला इतका आनंद झाला की त्याच रात्री नेटवर बसून एक तयार गाईड विकत घेतलं. परदेशी होमस्कूलिंगवाल्यांसाठी बनवलेलं, पीडीएफ, डॉलरमध्ये पैसे. नाव देत नाही. पण ज्यांचा असं काही घ्यायचा विचार चाललाय त्यांनी आधी हे वाचा, कारण आमचे तीन आठवडे त्यात गेले आणि लेकीचा उत्साह अर्धा झाला.

गाईडमध्ये काय होतं, तर प्रत्येक धड्यानंतर २० प्रश्न. पात्राचं नाव काय, कथा कुठे घडते, गाळलेल्या जागा भरा, थीम ओळखा. पहिलंच पुस्तक जाडजूड, त्यात सगळं जग उद्ध्वस्त झालेलं आणि मुलं एकमेकांच्या जिवावर उठलेली. तिने साठेक पानं वाचली आणि पुस्तक बाजूला ठेवून विचारलं, आई, यातलं काय खरं आहे आणि काय लेखकाने बदललंय तेच मला कळत नाहीये, कारण ते गाव मुळात कसं असतं तेच मला माहीत नाही. हे तिचं वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं, आणि पुढचा सगळा प्लॅन त्या एका वाक्यावर उभा केला.

विज्ञानकथा म्हणजे काय, तर आपल्या जगातली एक गोष्ट बदलायची आणि बाकीचं सगळं तसंच ठेवून पुढे काय होतं ते प्रामाणिकपणे बघायचं. पण बदललेली गोष्ट दिसायला न बदललेलं जग ओळखीचं लागतं. मुलाला ते जग अनोळखी असेल तर सगळंच नवल वाटतं आणि मग नेमकं नवल कशाचं ते हरवून जातं. म्हणून सुरुवात मराठीतून करायची ठरलं.

मेमध्येच, २० तारखेला, जयंत नारळीकर सर गेले होते. घरात त्यांचं बोलणं चाललेलंच होतं. हिच्या बाबांनी माळ्यावरच्या खोक्यातून त्यांच्या लहानपणचं 'यक्षांची देणगी' काढून दिलं, मौज प्रकाशनाचं, १९७९ साली पहिल्यांदा आलेलं पुस्तक. बाकीचे संग्रह आम्ही थोडे लायब्ररीतून आणले, थोडे अप्पा बळवंत चौकातून घेतले. तर हा रिव्ह्यू त्या कथांचा आहे, पण शिकवायला घेतल्यावर त्या कशा चालल्या त्याचा. साहित्य म्हणून मोठी माणसं त्यावर खूप लिहून बसलीयेत, मला तेवढा अधिकार नाही.

आधी वेळापत्रक थोडक्यात सांगते. आठवड्याला एकच कथा, जास्त नाही. सोमवारी मी मोठ्याने वाचून दाखवायची, अर्धी. मंगळवारी ती एकटी उरलेली वाचणार. बुधवारी एक प्रयोग किंवा गणित, गुरुवारी फक्त गप्पा, शुक्रवारी एक पान लिखाण. वर्कशीट एकही नाही. प्रश्न फक्त दोनच, आणि १४ आठवडे तेच दोन: काय बदललं? आणि बाकी काय तसंच ठेवलं?

पहिल्या आठवड्यात 'गंगाधरपंतांचे पानिपत' घेतली आणि तो निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला. या कथेची इंग्रजी आवृत्ती एनसीईआरटीने अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात घेतलीये, पण मराठी मुलाला अकरावीपर्यंत थांबायची काही गरज नाही. एक इतिहासाचे प्राध्यापक अशा मुंबईत जाऊन पोचतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे, आणि हे का झालं ते शोधायला ते लायब्ररीत जाऊन इतिहासाची पुस्तकं उघडून बसतात. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे लागलेलीच नाही, कानाजवळून निघून गेली. बस, एवढाच फरक. शेवट सांगत नाही, पण बखरीचं एक पान आहे त्यात आणि सभेतली अध्यक्षांची एक रिकामी खुर्ची आहे, त्या दोन गोष्टी लेकीच्या डोक्यातून अजून गेलेल्या नाहीत.

इथे आपल्या मुलाला जो फायदा मिळतो तो दुसऱ्या कुठल्या कथेत मिळणं कठीण आहे. पानिपत म्हणजे काय हे तिला पुस्तक उघडायच्या आधीच माहीत होतं. १४ जानेवारी १७६१ ही तारीख माहीत होती, संक्रांत कोसळणे हा वाक्प्रचार माहीत होता, दोन मोती गळाल्याचा निरोप आज्जीकडून शंभरदा ऐकलेला होता. त्यामुळे गोळी कानाजवळून गेली हे वाक्य मी वाचलं तेव्हा ती ताडकन उठून बसली. आई थांब, परत वाच, म्हणाली. मी परत वाचलं. मग पाच मिनिटं काहीच वाचता आलं नाही, कारण तिचे प्रश्न सुरू झाले.

बुधवारी आम्ही जमिनीवर जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी चिकटवून लांब पट्टा केला आणि त्यावर दोन रेघा मारल्या, एक आपला इतिहास आणि एक कथेतला, १७६१ पर्यंत दोन्ही एकत्र आणि मग फाटा. आपल्या रेघेवर तिने १८१८ ला पेशवाई गेली ते लिहिलं, १८२८ ला शनिवारवाड्याला लागलेली आग लिहिली, १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे लिहिली. आता यातलं दुसऱ्या रेघेवर काय काय जाईल? पेशवाईचं सोपं होतं. रेल्वेवर बराच वेळ वाद झाला, बाबांचं म्हणणं आली असती पण उशिरा, हिचं म्हणणं आधी आली असती कारण पुण्याहून दिल्लीला सैन्य न्यायची घाई असती. पण शनिवारवाड्याच्या आगीवर ती म्हणाली, आग लागायची ती लागलीच असती, आगीला राज्य कुणाचं आहे ते कळत नाही, पण वाडा परत बांधला असता. मी शिक्षिका नाही, बीकॉम केलेलं आहे, पण इतिहासात कुठली गोष्ट कशावर अवलंबून आहे आणि कुठली नाही हे इतकं स्वच्छ मला पंचविशीतसुद्धा कळलेलं नव्हतं. तो पट्टा अजून हॉलच्या भिंतीवर आहे, पाहुणे येतात ते त्याच्यापुढे उभे राहून वाचतात.

दुसरी कथा 'उजव्या सोंडेचा गणपती'. डावं आणि उजवं यांची अदलाबदल होणे, आरशातल्यासारखी, हा तिचा गाभा, आणि क्रिकेट आहे त्यामुळे लेकीचा धाकटा चुलतभाऊपण येऊन बसला. ही कथा शिकवताना मोबियसची पट्टी हाताने करायलाच पाहिजे, नुसती सांगून कळत नाही. कागदाच्या पट्टीला एक अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली की एकच बाजू असलेली पट्टी होते हे बऱ्याच पुस्तकांत असतं. पण डाव्याचं उजवं कसं होतं ते कागदावर दिसत नाही, त्याला पारदर्शक प्लास्टिक लागतं. आम्ही ऑफिसच्या फायलीचं पारदर्शक कव्हर कापलं, दोन इंच रुंद पट्ट्या. पहिली पट्टी आखूड पडली, पीळ दिल्यावर नुसती मुडपत होती, म्हणून दोन जोडून जवळजवळ दोन फूट लांब केली आणि सेलोटेपने बंद केली. मग उरलेल्या प्लास्टिकचा रुपयाएवढा तुकडा कापून त्यावर तिने काळ्या स्केचपेनने गणपती काढला, नेहमीचा, डाव्या सोंडेचा. तो तुकडा पट्टीवर ठेवून बोटाने दाबत दाबत सरकवायचा, उचलायचा नाही. पिळापाशी जरा अडकतो, तिथे सावकाश न्यायला लागतं. एक पूर्ण फेरी झाली आणि तुकडा निघाला त्याच जागी आला, पण पट्टीच्या मागच्या अंगाला. आता आधी बसलो होतो तिथूनच, पट्टीतून आरपार बघितलं, तर सोंड उजवीकडे.

दोन्ही मुलं गप्प. मग चुलतभाऊ म्हणाला, अजून एकदा फिरव. दुसऱ्या फेरीत सोंड परत डावी झाली. त्या दिवशी रात्री जेवताना ती एकदम म्हणाली की पट्टीवर राहणाऱ्या गणपतीला आपण बदललो हे कळणारच नाही, त्याला बाकीचं जग बदललेलं दिसेल. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी ताट तसंच ठेवून तिच्या बाबांकडे बघत बसले.

'धूमकेतू' कथेने घरात वेगळाच विषय काढला. दत्तदा नावाचे हौशी खगोलप्रेमी धूमकेतू शोधतात, तो पृथ्वीवर आदळणार असं निघतं, शास्त्रज्ञ तो बाजूला ढकलायची योजना करतात आणि इकडे घरात त्यांची बायको इंद्राणी शांतीसाठी यज्ञ मांडते. आज्जी रोज पूजा करणारी, लेक प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारी, त्यामुळे मला जरा धाकधूक होती. पण आज्जी म्हणाली, इंद्राणीला यज्ञाने टळलं असं वाटतंय तर त्यात तिचं काय चुकलं, दत्तदांनी आधी तिला शेजारी बसवून दुर्बिणीतून दाखवायला हवं होतं. लेक म्हणाली, पण आज्जी, दोन्ही केलं तर नेमकं कशाने टळलं हे ठरवायला दोन पृथ्व्या लागतील, एकीवर फक्त यज्ञ आणि दुसरीवर फक्त रॉकेट. आज्जी म्हणाली बरोबर आहे तुझं. विज्ञानात तुलनेसाठी दुसरा गट का ठेवतात हा आख्खा धडा तिथे दोन वाक्यांत झाला, आणि कुणाचं मन न दुखावता झाला.

त्याच बुधवारी नासाच्या डार्ट मोहिमेचं वाचलं. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी एक यान मुद्दाम डिमॉर्फस नावाच्या छोट्या लघुग्रहचंद्रावर आदळवलं. आधी तो आपल्या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी मारायचा, धडकेनंतर ती फेरी सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. कथेतली कल्पना आधी आणि प्रत्यक्षातली धडक एवढ्या वर्षांनी, हे ऐकून तिने यादीच करायला घेतली, कुठल्या कथेतलं काय काय खरं झालं त्याची.

आता उणिवा सांगते, कारण नुसतं कौतुक करून कुणाला उपयोग नाही. एक, पात्रं बऱ्याचदा एकमेकांना विज्ञान समजावून सांगतात, पानभर, आणि तिथे १२ वर्षांचं मूल सैल पडतं. आम्ही अशा ठिकाणी पुस्तक थांबवून तो भाग आपल्या शब्दांत बोललो आणि मग पुढे गेलो. दोन, परिभाषा. मराठी माध्यमातल्या मुलांना चालेल, पण माझी लेक विज्ञान इंग्रजीतून वाचते, तिला कृष्णविवर म्हणजे ब्लॅक होल हे कळायला सांगावं लागलं. मात्र एकदा कळल्यावर ती कृष्णविवर हाच शब्द वापरते, विवर म्हणजे काय ते तिला आता दिसतं म्हणते. तीन, आणि हे मला मनापासून खटकलं, मी ज्या कथा निवडल्या त्यांत शास्त्रज्ञ जवळजवळ सगळे पुरुष. लेकीने पाचव्या आठवड्यात सरळ विचारलं, यात मुली कुठेत? काळ वेगळा होता हे उत्तर मी दिलं नाही. मला ते पुरेसं वाटत नाही.

म्हणून सहाव्या आठवड्यात मधेच बेगम रुकैयांची 'सुलतानाज ड्रीम' घातली. १९०५ सालची, मद्रासच्या इंडियन लेडीज मॅगझिनमध्ये आलेली, लिहिली एका बंगाली बाईंनी, थेट इंग्रजीत, आणि तिच्यात बायका राज्य चालवतात, पुरुष पडद्यात राहतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो आणि लढाईसुद्धा सूर्याच्या उष्णतेनेच जिंकतात. इंग्रजी जुनं आहे पण कथा छोटी आहे, दोन दिवसांत झाली. तिथे ते दोन प्रश्न विचारले तर ती म्हणाली बदलली एकच गोष्ट, घरात कोण बसणार ती, आणि बाकी सगळं त्यातून आपोआप आलं. १२० वर्षांपूर्वी हे लिहिलंय यावर तिचा विश्वास बसेना, साल दोनदा तपासलं तिने. घरी मुलगी असो की मुलगा, ही कथा प्लॅनमध्ये घालाच.

भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न तिने एकटीनेच वाचला, 'चंद्रावर स्वारी', माझ्या मदतीशिवाय, दोन बैठकांत. भागवतांची भाषा अशी आहे की मूल अडखळतच नाही. तिथे बाबांनी गणिताचा तास घेतला. मूळ कादंबरी १८६५ ची, फ्लॉरिडातून तीन माणसं तोफेतून चंद्राकडे, आणि तोफ ९०० फूट लांब. एवढ्या अंतरात सेकंदाला ११ किलोमीटरच्या आसपास वेग गाठायचा तर आतल्या माणसांवर आपल्या वजनाच्या वीस हजार पटीहून जास्त जोर पडतो, म्हणजे माणूस वाचणं शक्य नाही. लेक जरा हिरमुसली. पण मग १९६९ च्या अपोलो ११ मध्येही तीनच माणसं होती, तेही फ्लॉरिडातूनच निघाले आणि पॅसिफिकमध्ये उतरले हे कळल्यावर परत खुलली. व्हर्नचं कुठे चुकलं आणि कुठे बरोबर आलं, दोन्ही तिच्या वहीत समोरासमोर आहे.

असिमॉव्हची 'द फन दे हॅड' मी शेवटाकडे ठेवली होती, जरा भीतभीतच. २१५७ सालची मार्जी, ११ वर्षांची, घरीच एका यंत्राकडून शिकते आणि जुन्या काळची शाळा किती मजेची असेल असा विचार करत बसते. घरी शिकणाऱ्या मुलीला ही कथा वाचायला द्यायची म्हणजे तिचा स्वतःचाच प्रश्न तिच्यापुढे ठेवायचा. पण टाळणं मला अप्रामाणिक वाटलं. ती वाचून बराच वेळ खिडकीत बसली. मग म्हणाली, मार्जीचं दुःख घरी शिकण्याचं नाहीये, तिच्याबरोबर कुणी हसत नाही याचं आहे. आणि मग खूप हळू आवाजात, मलाही कधीकधी वाटतं. त्यावर आम्ही दोघी बोललो, खूप बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्या महिन्यापासून शनिवारी सकाळी आमच्याकडे चार मुलं येतात, त्यातली दोन शाळेत जाणारी आहेत, आणि पाचही जण मिळून एक कथा वाचतात.

घ्यायचंय त्यांच्यासाठी काही गोष्टी. वय ११ ते १३ उत्तम, त्याहून लहान असेल तर तुम्ही वाचून दाखवा, चालतं. नारळीकरांचे संग्रह बरेच आहेत आणि वेगवेगळ्या कथा वेगवेगळ्या पुस्तकांत आहेत, म्हणून दुकानात अनुक्रमणिका बघितल्याशिवाय घेऊ नका. आमच्या जुन्या प्रतीचा टाइप बारीक आहे, संध्याकाळी वाचताना मुलांचे डोळे दुखतात, दिवसा वाचा. पुण्यात असाल तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातला फूकोचा लंबक दाखवून आणा, पृथ्वी फिरते हे तिथे उभं राहून दिसतं. आणि परीक्षेची काळजी करू नका, एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेची, दहावी १४ व्या वर्षानंतर आहे, त्याआधीची ही वर्षं अशा वाचनासाठीच मिळालेली आहेत. पैशाच्या हिशोबात सांगायचं तर सगळी पुस्तकं मिळून त्या एका पीडीएफपेक्षा कमीत झाली. पाचपैकी साडेचार स्टार देते, अर्धा मुलींच्या नावाने कापलाय.

शेवटचे दोन आठवडे स्वतःची कथा लिहायला ठेवले होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. हा किस्सा ऐकल्यावर लेकीनेही आपली आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं आणि आज्जीच्या हस्ताक्षरात कथा उतरवून घ्यायचं ठरवलं, आज्जी रोज दुपारी चष्मा लावून बसते.

कथेत तिने बदललेली गोष्ट एकच आहे: आवाज शंभरपट सावकाश जातो, सेकंदाला साधारण साडेतीन मीटर. त्यासाठी तिने टेपने घर मोजलं, ओट्यापासून तिच्या टेबलापर्यंत ७ मीटर, म्हणजे कुकरची शिट्टी तिला दोन सेकंद उशिरा ऐकू येणार. चार पानं भराभर झाली. पाचव्या पानावर गाडी अडली, कारण हिशोब केल्यावर त्या वेगाचे तासाला १२ किलोमीटर होतात, म्हणजे गल्लीतून जाणारी स्कूटर स्वतःच्या हॉर्नच्या पुढे निघून जाते. रस्ता ओलांडताना मग माणसांनी करायचं काय? काल रात्री साडेदहाला हे विचारायला ती आमच्या खोलीत आली होती, आज सकाळपासून बाबांबरोबर कागद घेऊन बसलीये.